चहा नको, पाणी चालेल

कोकणात धर्म सांगायला आलेल्या सगळ्यांत जुन्या ठाऊक माणसांपैकी एक परदेशी होता. अशोकाच्या काळात पाटलिपुत्रात बौद्ध भिक्खूंची तिसरी संगीती, म्हणजे धर्मसभा, झाली आणि त्यानंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी दिशादिशांना भिक्खू पाठवले. अपरांताच्या, म्हणजे आपल्या या किनारपट्टीच्या वाट्याला आला तो योन धम्मरक्खित. योन म्हणजे यवन, ग्रीक. त्याच्या उपदेशानं धम्माकडे वळलेल्यांचे आकडे महावंस या पाली ग्रंथात हजारांनी दिले आहेत. माझं मन त्या आकड्यांपाशी थांबत नाही. सकाळी उठून हा माणूस काय करत असेल? इथली बोली त्याच्या तोंडी कशी बसली असेल? आषाढात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा अंगावरचं ओलं चीवर त्यानं कुठे वाळवलं असेल?

महाडला राहणाऱ्याला असे प्रश्न पडतात, कारण त्या वाटेनं आलेल्या भिक्खूंची घरं आमच्या डोळ्यांसमोर आहेत. महामार्गावरून जाताना गांधारपाल्याच्या डोंगरात लेण्यांची रांग दिसते. मी शाळेत शिकवत होते तोवर मुलांना तिथे न्यायची. धापा टाकत वर पोचली की मुलं आधी त्या दगडी ओट्यांवर आडवी होत. भिक्खू इथंच झोपायचे, असं सांगितलं की वर्गातली एखादी मुलगी हमखास विचारायची, "बाई, त्यांना घरची आठवण नसेल का येत?" तिथल्या एका शिलालेखात कुमार काणभोज वेण्हुपालित यानं केलेल्या दानाची नोंद आहे. लेणं, चैत्यगृह, राहण्याच्या ओवऱ्या, लेण्याच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या पोढ्या आणि लेण्याशी जोडलेली वाट. दुसऱ्याच्या मुलखात धर्म सांगत फिरणाऱ्याला काय लागतं, हे त्या राजपुत्राला नेमकं कळलं होतं. पाणी आणि वाट त्यानं दानात मोजून धरली.

त्या मुलींच्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा आणि फार लांब, टेक्सासमध्ये मिळालं.

मुलाकडे डॅलसजवळ प्लेनोला गेले होते. दुपारी घरात मी आणि नात दोघीच. दारावरची घंटा वाजली. बाहेर दोन पोरं उभी. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, कपाळावर घाम. एक अमेरिकेतलाच, आयडाहोचा. दुसरा आफ्रिकेतल्या घानाचा. विशीच्या आतबाहेरचे दोघंही. मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं की मॉर्मन पंथाची मुलं अशी दारोदार येतात. नको असेल तर नको म्हणायचं, ती हसून पुढे जातात. पण जूनमधलं टेक्सासचं ऊन आणि दारात आलेली दुसऱ्याची पोरं. मी म्हटलं, "आत या, बसा."

आत येणार नाही, म्हणाली. मग चहा तरी घ्या. चहा नको, म्हणाली.

माझ्या पिढीतल्या बौद्ध बाईला हे दोन नकार एकापाठोपाठ ऐकताना काय वाटतं, ते महाडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या उंबऱ्याच्या आत न येणारी आणि आमच्या हातचा चहा टाळणारी माणसं मी लहानपणी पुष्कळ पाहिली. पोट बरं नाही, आत्ताच घेऊन आलो, उपास आहे. कारणं फार गोड असत. आई त्यांच्या माघारी कप तसेच उचलून आत न्यायची आणि काही बोलायची नाही.

घानाच्या मुलानं लगेच पुढचं वाक्य जोडलं. घरात कुणी मोठा पुरुष नसताना एकट्या बाईच्या घरात शिरायची आम्हाला परवानगी नाही. चहा-कॉफी आमच्या धर्मात कुणीच पीत नाही. पण पाणी चालेल, खूप तहान लागली आहे. मी तांब्या भरून आणला. दोघं बाहेरच्या पायरीवर बसले. त्या मुलानं माझ्या हातातून पेला घेतला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. तांब्या त्यांनी संपवला. मी आतून दुसरा भरून आणला आणि त्यांच्याशेजारी पायरीवरच बसले.

पुढे शनिवार-रविवारी मुलगा घरी असताना ते येत राहिले. मी त्यांच्या देवाबद्दल कमी आणि त्यांच्या दिवसाबद्दल जास्त विचारत असे. सकाळी साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी, मग आधी एकट्यानं आणि नंतर जोडीदाराबरोबर ग्रंथाचा अभ्यास. त्यानंतर बाहेर. दारं वाजवायची, रस्त्यात बोलायचं, कुणाला सामान हलवायला हात हवा असेल तर द्यायचा, नव्यानं आलेल्या परदेशी माणसांना इंग्रजी शिकवायचं. रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर आणि साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मैत्रीण नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, किराणा, केस कापणं आणि घरी पत्र. मुलांसाठी हे दोन वर्षं, मुलींसाठी दीड. २०१२ साली मुलांचं वय एकोणीसवरून अठरावर आणलं, तेव्हापासून शाळा सुटली की थेट मिशनवर निघणारी मुलं पुष्कळ. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. पत्र येतं, त्यात देश लिहिलेला असतो. त्यातल्या बऱ्याच जणांना नवी भाषा शिकावी लागते. खर्च मुलाच्या आणि घरच्यांच्या शिरावर. श्रीमंत देशांतल्या मुलांसाठी २०२० पासून तो महिन्याला ५०० डॉलर ठरला आहे. गरीब देशांतल्यांना पंथ हातभार लावतो. आज जगभर अशी सत्तर हजारांवर मुलं-मुली फिरत आहेत.

मला सगळ्यांत जड वाटला तो जोडीचा नियम. मिशनरी एकटा कधीच नसतो. जोडीदार वरून नेमून मिळतो आणि तो नजरेआड होऊ द्यायचा नाही. काही आठवड्यांनी बदली होते, नवा जोडीदार येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. येशूनं शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवलं, त्यावरून हा नियम आला. बुद्धानं पहिल्या साठ अर्हतांना नेमकं उलट सांगितलं होतं, एका वाटेनं दोघांनी जाऊ नका. दोन्ही आज्ञांमागे माणसाची पारख आहे. बुद्धासमोर मनानं मुक्त झालेले साठ जण उभे होते. त्यांना सोबतीची गरज नव्हती, आणि जगात न पोचलेल्या वाटा फार होत्या. इथे अठरा वर्षांचं पोर आहे. त्याला रात्री रडू येतं. आयडाहोच्या मुलानं मला स्वतःच सांगितलं की पहिले दोन महिने तो आंघोळीच्या खोलीत पाणी सोडून रडत असे, आणि घानाचा मुलगा बाहेर दारापाशी बसून त्याला आपल्या गावच्या गोष्टी सांगत असे. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्याला एकदा बोलता येतं. हा बदल करणाऱ्यांना कुणा आईची आठवण झाली असणार.

एका रविवारी मी त्यांना तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. आयडाहोच्या मुलानं सभ्यपणानं दोन घास खाल्ले. घानाचा मुलगा मात्र ताट नाकाशी नेऊन क्षणभर थांबला. त्यांच्याकडे सुकी मासळी आणि मिरच्या तेलात परतून चटणी करतात, शितो म्हणतात तिला. त्यानं ताट निपटून पुसलं, मग पुन्हा मागितलं, आणि जेवताजेवता आईबद्दल बोलत राहिला. तो बोलला तेवढं त्याआधी कधी बोलला नव्हता.

त्याच दिवशी मी त्याला माझ्या मनातलं विचारलं. तुझ्या पंथानं काळ्या माणसाला कितपत बरोबरीनं वागवलं? माझ्या मुलानं चमकून पाहिलं, पण मी विचारायचं ठरवलं होतं. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरात धर्म घेऊन येणाऱ्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. घानाच्या मुलानं काही लपवलं नाही. १८३० साली निघालेल्या या पंथात पुढे शतकभराहून अधिक काळ आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला पौरोहित्य मिळत नव्हतं, आणि काळ्या स्त्री-पुरुषांना मंदिरातल्या मोठ्या विधींत जागा नव्हती. ही बंदी उठली जून १९७८ मध्ये. म्हणजे माझी शाळेतली नोकरी सुरू झाल्यानंतर. आणि त्याआधी चौदा वर्षं, १९६४ पासून, घानातल्या केप कोस्टला जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचा माणूस हातात पडलेलं या पंथाचं धर्मपुस्तक, बुक ऑफ मॉर्मन, वाचून स्वतःच मंडळ्या जमवत होता. त्याच्याकडे कुणी मिशनरी आला नव्हता. अमेरिकेला पत्रं गेली, तिकडून पुस्तकं आली, माणसं आली नाहीत. १९७८ च्या अखेरीस मिशनरी घानात उतरले तेव्हा बाप्तिस्म्यासाठी लोक वाट बघत बसले होते.

"आणि तरी तू त्यांचाच निरोप घेऊन फिरतोस?" मी विचारलं.

तो म्हणाला, ज्यांनी दार बंद ठेवलं त्यांचा निरोप मी सांगत नाही. जॉन्सननी जे वाचलं, ते सांगतो.

मला हे पटलं नाही, आणि मी त्याला तसं सांगितलं. बंद दाराबाहेर उभं राहून आतल्या गोष्टीवर चौदा वर्षं प्रेम करायला फार मोठं काळीज लागतं, पण आमच्या माणसांनी तो रस्ता धरला नाही. ती तळ्यावर चालत गेली, पाणी प्यायली, आणि दार उघडत नाही असं दिसल्यावर १९५६ साली ते घरच सोडून बाहेर पडली. मला आमचा रस्ता बरोबर वाटतो. त्या मुलानं मान डोलावून विचारलं, कोणतं तळं?

मग मी त्याला महाड सांगितलं. आमच्या सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट आहे, तिथे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी येऊन राहिले. त्यांच्यातला पहिला, डोनाल्ड मिचेल, त्याच वर्षी वारला. पुढे १८२९ मध्ये जॉन विल्सन आला, चोवीस वर्षांचा. मराठी शिकायला तो याच किनाऱ्यावर, हर्णैला राहिला. मुंबईचं विल्सन कॉलेज त्याच्याच नावाचं. तुमच्या पंथाचा ह्यू फिंडले १८५२ ला मुंबईत उतरला आणि पुण्यालाही गेला, मूठभर माणसं मिळवून काही वर्षांत परतला. यांतला कुणी तहानेला होऊन महाडला आला असता, तर चवदार तळ्याचं पाणी त्याला बंद नव्हतं. ख्रिस्ती पीत, मुसलमान पीत, गुरंढोरं पीत. ज्यांच्या पिढ्या याच मातीत राबल्या, त्यांनाच तेवढी मनाई होती. धर्म बदलला की त्याच माणसाला तेच पाणी चालायचं. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण नात येऊन मांडीवर बसली.

१९२७ च्या मार्चमध्ये त्या तळ्याकडे माणसं आपोआप गेली नाहीत. आधी दोन महिने कार्यकर्ते कुलाबा जिल्ह्यातले महारवाडे पालथे घालत होते. त्यांत पुढे होते रामचंद्र बाबाजी मोरे, महाडजवळच्या लाडवलीचे, तेव्हा चोवीस वर्षांचे. शाळकरी वयात स्कॉलरशिप मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी त्यांना झगडावं लागलं होतं. बाजाराला आलेल्या आपल्या माणसांना घोटभर पाणीसुद्धा मिळत नाही, म्हणून महाडात आपल्यांसाठी चहाचं दुकान निघावं, ही खटपटही त्यांनी पोरवयातच केली होती. त्यांच्यासारख्यांचा दिवस कसा जात असेल, याचा अंदाज मला त्या दोन मुलांच्या दिवसावरून येतो. मात्र या कार्यकर्त्यांना साडेदहाला दिवे बंद करायला सांगणारं कुणी नव्हतं, महिन्याचा खर्च ठरलेला नव्हता, दार उघडेल तिथली भाकरी आणि पडवीतली जागा हाच आधार. निरोपही एका ओळीचा. परिषदेला या. माणसं आली, पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत, फडक्यात भाकरी बांधून चालत आली. त्यांना पिण्यासाठी परिषदेनं चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागून हजारो जण तळ्यावर गेले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करायला परिषद भरली. तिला बाबासाहेब सडकेनं आले नाहीत. मुंबईहून पद्मावती बोटीनं निघून सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले आणि तिथून सगळे चालत महाडला पोचले. शतकभरापूर्वी स्कॉटिश मिशनरी जिच्या तोंडाशी येऊन राहिले, तीच ही खाडी. तळ्याबाबत कोर्टाची मनाई होती, म्हणून सत्याग्रह स्थगित झाला. मंडपाला जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान माणसाची. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली. हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूनं लागला तो थेट १७ मार्च १९३७ ला.

घानाच्या मुलानं शेवटी एकच विचारलं, "आता ते पाणी कुणीही पितं?" मी म्हटलं, दर २० मार्चला ये, पायरीवर उभं राहायला जागा मिळाली तर ओंजळ भर.

परदेशी माणूस आमच्यात धम्म घेऊन आल्याचं उदाहरण आपल्या काळातलंही आहे, आणि ते मला जवळचं वाटतं. १९७७ साली लोकमित्र नावाचा इंग्रज तरुण पुण्याला अय्यंगारांकडे योग शिकायला निघाला होता. वाटेत नागपूरला उतरला तो नेमका धम्मचक्र प्रवर्तनाच्या वर्धापनदिनी. दीक्षाभूमीवरची लाखोंची गर्दी त्यानं पाहिली आणि पुढल्या वर्षी तो पुण्यालाच राहायला आला. त्याचे गुरू संघरक्षित हेही इंग्रज. बाबासाहेब गेल्याची बातमी आली त्या दिवशी ते नागपुरात होते आणि दुःखानं सुन्न झालेल्या लोकांशी बोलले होते. १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण सुरू झाला, वस्त्यांमध्ये वसतिगृहं, बालवाड्या, दवाखान्याची कामं उभी राहिली. लोकमित्रांचं मोठेपण मला यात दिसतं की ते आमच्याकडे आले तेव्हा इथली माणसं बौद्ध होऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी त्या माणसांपासून शिकायला सुरुवात केली.

मी त्या दोन मुलांचा धर्म घेणार नव्हते. माझ्या बावीस प्रतिज्ञा झालेल्या आहेत, आणि कुणी परमेश्वर बोलावून घेतो यावर माझा विश्वास नाही. हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तरी ते आले. निरोप घ्यायला आले तेव्हा आयडाहोच्या मुलानं मागच्या अंगणातली वाळकी पानं गोळा केली आणि घानाच्या मुलानं सुनेची जड कुंडी उचलून सावलीत ठेवली. मला वाटतं, या दोन वर्षांत त्यांच्या पंथाला त्यांच्याकडून जे मिळतं त्याहून अधिक त्यांना स्वतःला मिळतं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अनोळखी दारासमोर उभं राहायचं, नकार ऐकायचा, आणि पुढच्या दारात मागच्या नकाराची कडवट चव न्यायची नाही. आमच्या मुलांना हे शिकवण्याची व्यवस्था आमच्याकडे फार तोकडी आहे, असं मला कळकळीनं वाटतं. दहा दिवसांची श्रामणेर शिबिरं होतात. मुलं मुंडन करतात, चीवर घालतात, अकराव्या दिवशी घरी येतात आणि कामाला लागतात. तिथे जे पेटतं ते टिकवायला पुढची वाट हवी.

ती वाट वर्षावासात थोडीबहुत मिळते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं आणि प्रवचनकार गावोगाव जातात. माझा भाचा महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला पोलादपूरच्या वरच्या अंगाचं एक गाव नेमून दिलं. रविवार सुटीचा, बाकी आठवडाभर पाळ्या. जाण्याआधी घरी आला आणि म्हणाला, "आत्या, तू शिकवायचीस ना, मला सांग, सुरुवात कशानं करू?" मी म्हटलं, "गेल्या गेल्या पाणी माग आणि पी. बायांची नावं विचार आणि लक्षात ठेव. ग्रंथ मग काढ. आणि एकटा जाऊ नकोस, घाटात दरडी येतात, मित्राला घे." तेवढ्यापुरता मी बुद्धाचा नियम मोडून मॉर्मनांचा पाळला.

तो रात्री भिजून परतला. विहारात चार बाया, एक म्हातारे गृहस्थ आणि बरीच पोरं. पुरुष मुंबईला. पत्रा उडाला होता तिथून पाणी बुद्धमूर्तीच्या बाजूला गळत होतं, म्हणून आधी तो आणि मित्र वर चढून ताडपत्री बांधत बसले आणि वाचन तासभर उशिरा सुरू झालं. वाचून झाल्यावर एका आजीनं विचारलं, सिद्धार्थ रात्री घर सोडून गेला तेव्हा यशोधरेला उठवलं का नाही त्यानं? भाचा म्हणाला, बाबासाहेबांनी लिहिलंय की तो तिला सांगून, तिच्याशी बोलून गेला. तेवढ्यानं आजीचं समाधान झालं नाही. यशोधरा काय म्हणाली ते सगळं नीट वाचून दाखव, म्हणाली. तो भाग त्या दिवशीच्या वाचनात नव्हता. पुढच्या रविवारी वाचतो असं सांगून तो आला होता, आणि आल्या आल्या माझ्याकडे ग्रंथ मागितला. आम्ही जेवण बाजूला ठेवून ती पानं काढली.